पेवावर घेतलेलं नाव

१

सोमवार म्हटला की शांतम्माचा दिवस ठरलेला. उजाडायच्या आत अंघोळ, कपाळाला विभूती, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा, मग समईची वात सारखी करून चुलीकडे. तिला स्वतःला उपास. पण नवऱ्याच्या, चन्नवीरच्या, डब्यात दोन कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी आणि दह्याची वाटी असायचीच.

मार्गशीर्षातल्या त्या सोमवारी मात्र समईजवळ एक नवी वस्तू होती. पितळेचा, बोराएवढा एक नट. यंत्राच्या पेटीत तो जास्तीचा निघाला होता. चन्नवीरने आदल्या संध्याकाळी आणून तिच्या हातावर ठेवला.

"जर्मनीहून आलाय बघ. एवढ्या लांबून."

तिने तो धुतला, विभूतीचं बोट लावलं आणि ग्रामदैवत सिद्धरामाच्या तसबिरीपुढे ठेवला.

सोलापूरच्या बाहेर, अक्कलकोट रस्त्याला, माळावर धान्य साठवणीचं एक सरकारी केंद्र होतं. चार खोल्या, सहा क्वार्टर्स, बाभळी, आणि एक जुनं पेव. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेलं ज्वारीचं कोठार: तोंड माणूस जेमतेम मावेल एवढं, आत मात्र रांजणासारखं फुगत गेलेलं, खोल दोन पुरुष. तोंडावर दगडी झाकण. बाहत्तरच्या दुष्काळात ते रिकामं झालं, त्याला आता तीन वर्षं होऊन गेली. तेव्हापासून त्यात दाणा पडला नव्हता.

बंद पेवात हवा बिघडते. उतरलेला माणूस दोन पायऱ्यांवर मान टाकतो, त्याला काढायला गेलेलाही वर येत नाही. दर सुगीला कुठल्या ना कुठल्या गावातून तशी बातमी यायची. म्हणूनच हे यंत्र. नळीने पेवातली हवा ओढून घ्यायची आणि त्यात कार्बन डायऑक्साइड किती, ते कागदाच्या गुंडाळीवर पेनने रेघ ओढून सांगायचं. ते बसवायचं काम चन्नवीरकडे आलं होतं. मुंबईला तीन आठवडे शिकून आला होता तो. आडत दुकानात पोती शिवत जन्म काढलेल्या महादेवप्पांचा मुलगा!

पुण्याचे मोठे साहेब पुढच्याच सोमवारी उद्घाटनाला येणार होते. रेघ नीट आली तर यंत्र इथंच राहणार. नाही आली तर पेटीत भरून पुण्याला. केंद्राचे प्रमुख नारायणराव बोकील यांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं.

"सिद्धरामा," शांतम्माने हात जोडले, "यांचं यंत्र लागू दे. तू गावाभोवती स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांची फेरी अनवाणी करीन."

२

गॅसची सिलिंडरं आली तेव्हा अख्खी वसाहत बघायला जमली. हमालांनी पहिलं सिलिंडर आडवं पाडून लोळवायला घेतलं, तसा एरवी मान वर करून न बोलणारा चन्नवीर असा कडाडला की बाभळीवरचे कावळे उडाले.

"उभं! उभं न्यायचं! टोपी काढू नका! मान मोडली तर तोफेच्या गोळ्यासारखं भिंत फोडून जाईल ते."

शांतम्मा पदराआड हसली. सासरे असायला हवे होते, तिला वाटलं.

सिलिंडरं खोलीत ठेवायची नाहीत, हे त्याने आधीच ठरवलं होतं. खोलीबाहेर, सावलीला, चारी बाजूंनी वारं खेळेल अशी पत्र्याची शेड त्याने बांधून घेतली. प्रत्येक सिलिंडर भिंतीला साखळीने बांधलं. राखाडी अंगाचं, काळ्या मानेचं ते नायट्रोजनचं. दुसरं मोजून मिसळलेल्या हवेचं. भिंतीतून तांब्याच्या बारीक नळ्या आत गेल्या. दारावर त्याने स्वतःच्या हाताने पाटी रंगवली: विडी नाही, काडी नाही, उदबत्ती नाही.

"उदबत्तीसुद्धा नाही?" शांतम्मा म्हणाली.

"देव बाहेर थांबेल की. त्याला घाई नसते."

नळ्यांचे सांधे गळतात का हे फेस लावून बघायचं असतं. पण बाजारच्या साबणाचा फेस तिथल्या खारट पाण्यात टिकेना. तेव्हा शांतम्मानेच तोड काढली. इरकली लुगड्यांसाठी ती रिठे भिजवायची, त्यांचं पाणी तांब्यात घुसळून दिलं. दाढीच्या ब्रशाने चन्नवीरने तो फेस एकेका सांध्यावर चढवला आणि दोघं उकिडवे बसून बघत राहिले. चौथ्या सांध्यावर मुंगीच्या डोळ्याएवढा बुडबुडा फुगला. त्याने पान्याचा पाव वेढा दिला, बुडबुडा थांबला.

"बघा साहेब," तो बोकीलांना म्हणाला, "घरचा फेस आहे."

ते ऐकून शांतम्माला दिवसभर तहान-भूक लागली नाही.

जेवताना तो तिला यंत्र समजावून सांगायचा. नायट्रोजन सोडला की पेन शून्यावर येऊन बसतं. मग मिश्रणाचं सिलिंडर उघडलं की पेन चढून ठरल्या आकड्यावर थांबतं. दोन्ही खुणा जमल्या, की यंत्र खरं बोलतंय.

"आणि ही आपली हवा? आपण घेतो ती?"

"ती केसभर वर. अगदी केसभर. पण जिथं हवा आहे तिथं तेवढं असणारच. शून्य फक्त त्या सिलिंडरचं, शांता. जमिनीवर कुठं शून्य नसतं."

तिने ते वाक्य स्तोत्रासारखं मनात ठेवलं.

३

गुरुवारी पेवात नळी सोडली. झाकणाला भोक पाडून, रबराची चकती बसवून ती पक्की करायची होती. त्याआधी पूजा हवी, असं सगळ्या बायकांचं मत पडलं. आणि शेडजवळ उदबत्ती चालणार नाही, म्हणून पूजा पेवाच्या तोंडाशी मांडली.

पेवाचा राखणदार बिरप्पा त्या दिवशी नव्हता. पुतणीच्या लग्नाला केम गावी गेला होता.

शांतम्माने हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, पाणी पेवाच्या काठावर शिंपडलं. उठणार तेवढ्यात बोकीलांची बायको लीलाताई म्हणाली, "अशी कशी सुटका? आज मान तुमचा. नाव घ्या की!"

"इश्श, इतक्या लोकांत?"

"मग काय एकांतात घेता होय?" बायका खिदळल्या. चन्नवीर नळीची गुंडाळी हातात घेऊन कानापर्यंत लाल झाला.

नऊ वर्षांच्या संसारात शांतम्माने नवऱ्याचं नाव उखाण्यातच काय ते घेतलेलं. लाजली खरी, पण त्या दिवशी तिला ते घ्यायचंच होतं. ओणवी होती तशीच, काठावर हात टेकून, तिने म्हटलं:

"सिद्धरामाच्या तळ्याला दगडाची पायरी,
चन्नवीरांचं नाव घेते, पेवात भरू दे ज्वारी."

टाळ्या पडल्या. शांतम्मा पेवाच्या काळ्या तोंडावर वाकलेलीच होती, म्हणून तिला ऐकू आलं.

विहिरीत बोललेलं परत येतं, हे पोरासोरांनाही ठाऊक. पण परत येतो तो शेवटचा शब्द. इथं 'ज्वारी' यायला हवं होतं. टाळ्या विरल्या, कुणीतरी खोकलं, लीलाताईंनी प्रसादाचं ताट उचललं, आणि मग, बराच वेळ गेल्यावर, खालून तिच्याच आवाजात आलं:

"चन्नवीर."

नुसतं. मधलं तेवढंच वेचून घेतलेलं. एकेरी. तसं तिने जन्मात कधी म्हटलं नव्हतं.

"ऐकलंत? पेवसुद्धा नाव घेतंय तुमच्या ह्यांचं!" लीलाताई हसल्या. शांतम्माही हसली. पेवाचं पोट मोठं, आवाज फिरत राहिला असेल; कुठला आधी, कुठला नंतर. तिने हळदीची बोटं पदराला पुसली. मागे झाकण सरकल्याचा घर्रर्र आवाज झाला, आणि चन्नवीर सांध्यात ओलं सिमेंट भरू लागला.

४

शुक्रवारी सकाळी पेनने पेवाची पहिली रेघ ओढली. चन्नवीर धावत घरी आला, हाताला शाई. "चल, बघायला चल! स्वयंपाक राहू दे."

यंत्राच्या खोलीत पंप बारीक गुणगुणत होता. कागद मुंगीच्या पावलांनी सरकत होता, आणि त्यावर निळी रेघ. केसभर वर, सरळ, मोत्याच्या सरासारखी. मग रेघेने हळूच खांदा वर केला. खाली आली. पुन्हा सरळ. पुन्हा तोच खांदा.

"हे काय?"

"पंपाचा झटका असेल." त्याने पंप तपासला. नळी उघडून नायट्रोजन सोडला. पेन शून्यावर आलं आणि निश्चल राहिलं. पुन्हा पेवाची चावी फिरवली, पुन्हा खांदे.

दुपारपर्यंत त्याने पंप बदलला, विजेची तार बदलली, टेबलाच्या पायाखाली रबर घातलं. खांदे गेले नाहीत. उलट एकसारखे झाले. वर यायला जेवढा वेळ, खाली जायला त्याच्याहून थोडा जास्त, मग एक विसावा.

"बुडाला जुनी ज्वारी राहिली असेल," तो म्हणाला. "ओल लागली की दाणा श्वास घेतो. पुस्तकात आहे तसं."

"पण दाणे सगळे मिळून एकाच वेळी घेतात होय?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग हसून म्हणाला, "तू मुंबईला यायला हवी होतीस."

संध्याकाळी बिरप्पा लग्नाहून परतला, डोक्याला नवा रुमाल. झाकणावरचं हळद-कुंकू पाहून त्याने विचारलं, आणि शांतम्माने कौतुकाने सगळं सांगितलं. उखाण्याचं ऐकताच त्याचा चेहरा उतरला.

"अक्का, पेवाच्या तोंडावर नाव घेतलंसा?"

"का? काय झालं?"

"मानसाचं नाव घ्यायचं नसतंय तितं. आमी आत मानूस उतरला तरी 'ए गड्या' म्हणूनच हाक मारतो. बापाला बी 'गड्या'च म्हंतो." त्याने रुमाल काढून हातात घेतला. "म्या हितं असतो तर सांगितलं असतं की."

"पण का घ्यायचं नाही?"

"का, ते मला न्हाय ठावं. न्हाय घ्यायचं, एवढंच ठावं."

५

शनिवारी दुपारी शांतम्मा चहा घेऊन गेली. चन्नवीर खोलीत कागदावर पट्टी ठेवून खांदे मोजत होता. पुण्याचे साहेब दोन दिवसांवर आले होते आणि त्याने दोन रात्री धड डोळा मिटला नव्हता.

"पेवावरच्या सांध्यातून बाहेरची हवा आत जात असेल, तर असं होईल," तो म्हणाला. "तेवढं एक बघायचं राहिलंय."

"तुम्ही चहा घ्या. मी बघते. फेस माझाच आहे."

ऊन पांढरं, माळावर चिटपाखरू नाही. शांतम्मा झाकणापाशी बसली. ओठांत मंत्र चालूच होता, सोमवार असो नसो, काम करताना चालायचाच. सिमेंट वाळून घट्ट झालं होतं. नळी बाहेर येते तिथं रबराच्या चकतीभोवती तिने ब्रशाने फेस फिरवला आणि वाट पाहिली.

एक बुडबुडा आला. लिंबाएवढा झाला. गळती आहे तर! तिला बरं वाटलं. गळती असली की पान्याने आवळता येते. बुडबुडा तिच्या डोळ्यांदेखत फुगत गेला, त्याच्या अंगावर बाभळीची सावली, तिचं स्वतःचं तोंड, कपाळावरची विभूती.

मग तो बसला. फुटला नाही, बसला. हळूहळू आत ओढला जाऊन चपटा झाला. थांबला. आणि पुन्हा फुगू लागला.

पंप आत ओढतोय, तिने मनाला सांगितलं. पंप ओढतो म्हणून बसतो. पण मग फुगवतं कोण? ऊन? ऊन काय थांबून थांबून लागतं?

तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं की आपण मंत्र म्हणायचं विसरलोय, आणि श्वास धरून बसलोय. तिने श्वास सोडला. बुडबुडा फुगला. तिने घेतला, बुडबुडा बसला. शांतम्माने मुद्दाम दोन उथळ श्वास भरभर घेतले. बुडबुड्याने तेही घेतले.

तिने पदराच्या टोकाने फेस पुसून टाकला.

"गळती आहे का?" खोलीतून चन्नवीरची हाक आली.

"नाही," ती म्हणाली. ते खरंच होतं. तिने बघितलं त्याला गळती कसं म्हणणार?

त्या संध्याकाळी तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने मान हलवत ऐकलं, तिचा हात थोपटला. "डोक्यात बिरप्पाचं बोलणं, आणि वर हे ऊन. सोमवार होऊ दे. मग मी स्वतः उतरून बुडाची माती बघतो. जे काय असेल ते वर काढतो."

६

सोमवारी उजाडलं तेव्हा खांदे गेले होते.

चन्नवीरचा आवाज क्वार्टरपर्यंत आला. "शांता! सरळ! रेघ सरळ!" इतका आनंद त्याच्या तोंडावर तिने लग्नातही पाहिला नव्हता. तिने समईपुढे डोकं टेकवलं, नटाला पुन्हा विभूतीचं बोट लावलं, आणि इरकली नेसून तीही निघाली.

माळावर मांडव पडला होता. पुण्याच्या साहेबांनी फीत कापली, सिलिंडरं पाहिली, साखळ्या हलवून पाहिल्या. "हे कुणी केलं?" "आमच्या चन्नवीरने." "आणि ही शेड?" "तीही त्यानंच." साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मोठ्या प्रयोगशाळांतून एवढी शिस्त नसते हो."

शांतम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. लीलाताईंनी तिचा दंड दाबला.

मग पुरुष मंडळी पेवाकडे गेली. झाकण काढून साहेबांच्या समोर पहिलं पोतं आत ठेवायचं होतं, आणि चन्नवीर ते घेऊन उतरणार होता. बिरप्पा पेटता कंदील दोरीला बांधून तयार उभा होता. कंदील आधी सोडायचा, जळत राहिला तर माणूस सोडायचा, ही त्याची बापापासूनची रीत.

"अरे, ठेव तो कंदील," बोकील हसून म्हणाले. "आता ते काम यंत्र करतंय. आकडा काय म्हणतो, चन्नवीर?"

"काहीच नाही साहेब. अगदी शुद्ध."

बायका यंत्राच्या खोलीतच रेंगाळल्या होत्या. "बाई, एवढं बोलतं हे?" लीलाताई पेनकडे बघत म्हणाल्या. "काय म्हणतंय आत्ता?"

शांतम्मा अभिमानाने पुढे झाली. तिला वाचता येत होतं ना! रेघ खरंच सरळ होती. सरळ, निळी, कागदाच्या अगदी तळाच्या ओळीवर.

तळाच्या ओळीवर.

तिने वाकून बघितलं. केसभरही वर नाही. पेन शून्यावर टेकलं होतं. जिथं हवा आहे तिथं तेवढं असणारच.

जमिनीवर कुठं शून्य नसतं.

"नायट्रोजनची चावी," ती स्वतःशीच म्हणाली, आणि शेडच्या दाराशी धावली. चावी बंद होती. सिलिंडरवरचा काटा जिथल्या तिथं, भरलेला. यंत्र हवा घेत होतं ती पेवातलीच. आणि त्या हवेत कुणी कधी एकदाही श्वास सोडला नव्हता. किंवा होता नव्हता तेवढा सगळा कुणी आत ओढून, धरून ठेवला होता.

७

तीस पावलांचं अंतर. मांडवातून, खुर्च्यांमधून, नऊवारीचा काष्टा धरून ती धावत होती. चन्नवीरची पाठ दिसत होती. झाकण बाजूला सरलेलं, शिडी लावलेली, त्याचे पाय आत, कमरेपर्यंत आत. खांद्यावर पोतं.

"अहो!"

चार-पाच पुरुषांनी वळून पाहिलं. त्याने नाही. तो खाली बघत होता. काहीतरी ऐकत असल्यासारखी त्याने मान कलती केली.

पळता पळता, धाप लागलेली, तोंड मिटलेलं, शांतम्माने स्वतःचा आवाज ऐकला. पेवातून. गोड, लाजरा, उखाण्याच्या चालीवरचा.

"चन्नवीर."

तो हसला. तिला त्याचा गाल दिसला, आणि गालावरचं हसू. देवघरातून तिने बोलावलं की यायचं तेच हसू. त्याने पुढच्या पायरीवर पाय सोडला. छातीपर्यंत आत. गळ्यापर्यंत.

इतक्या लोकांत, साहेबांच्या समोर, सासरचं नाव, माहेरचं नाव, सगळं विसरून शांतम्मा ओरडली:

"चन्नवीर! वर या! चन्नवीर!"

मांडवातल्या सगळ्या माना वळल्या. बाईने नवऱ्याला नावाने हाक मारली होती, ती पण अशी.

तो थांबला. गोंधळून त्याने वर पाहिलं, मग खाली, मग पुन्हा वर. त्याचे ओठ पांढरे पडायला लागले होते. बिरप्पाने कंदील टाकला आणि त्याला काखेत धरून ओढला. बोकीलांनी दुसरी बाजू धरली. पोतं सुटून आत गेलं. ते पडल्याचा आवाज काही केल्या आला नाही.

८

चन्नवीर सावलीत आडवा पडून ओकला, पाणी प्यायला, उठून बसला. तेवढ्यात बिरप्पाने कंदील पुन्हा पेटवून पेवात सोडला. काठाखाली हातभर गेला नसेल, ज्योत विझली. फडफडली नाही, काळवंडली नाही. बोटांनी चिमटावी तशी गेली.

पुण्याचे साहेबांनी वाकून विझलेला कंदील पाहिला. मग शांतम्मापुढे आले. "बाई, शून्य चुकीचं आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

"यांनीच शिकवलंय," ती म्हणाली.

"मी शिकवलं, आणि मीच विसरलो," चन्नवीर म्हणाला. आवाज खोल गेला होता, पण डोळे तिच्यावर. "तीन दिवस ते खांदे जायची वाट बघत होतो, साहेब. गेले, त्या आनंदात बाकी काही बघितलंच नाही."

यंत्र तिथंच राहिलं. 'कामावरील दक्षता' म्हणून केंद्राच्या वहीत शांतम्माचं नाव लिहिलं गेलं. साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. हवेचं कारण मात्र कुणाला लागलं नाही. सांधे कोरडे, चाव्या बंद, सिलिंडर भरलेलं. मातीचा काहीतरी गुण, असं ठरलं, आणि दोन दिवसांत पेव मुरमाने भरून टाकलं. अकरा गाड्या मुरूम लागला. बिरप्पा म्हणायचा, सातात भरायला पाहिजे होतं.

त्या आठवड्यात शांतम्माने नवस फेडला. अनवाणी, चन्नवीरला बरोबर घेऊन, अडुसष्ट लिंगं. तळ्याच्या पायरीवर पाय धुताना तिने विचारलं, "मी हाक मारली तेव्हा तुम्ही लगेच का वर आला नाहीत?"

"कुठल्या?"

"कुठल्या म्हणजे?"

"पहिल्यांदा मारलीस तेव्हा आलोच होतो की तुझ्याकडं," तो म्हणाला. "मग तू वरनं ओरडलीस. मला कळेचना, इतक्या लवकर तू वर कशी पोचलीस."

९

संक्रांत आली. गावात गड्ड्याची जत्रा भरली, आणि माळावरच्या क्वार्टर्समध्ये शांतम्माकडे हळदी-कुंकू. तिळगुळाची वाटी, बोरं, हरभऱ्याचे घाटे, ऊस. यंत्राच्या पहिल्या रेघेचा कागद चन्नवीरने चौकट करून भिंतीला लावला होता. येणारी प्रत्येक बाई त्यापुढे थांबत होती आणि शांतम्मा प्रत्येकीला तो वाचून दाखवत होती. खिडकीतून समोर शेड दिसत होती. चन्नवीर नव्या सिलिंडरला साखळी घालत होता. शेडच्या पलीकडे मुरमाचा तांबडा गोल.

"झालं सगळं," लीलाताई म्हणाल्या. "आता नाव घ्या."

शांतम्माने मान हलवली. तिने ठरवलंच होतं. तिळगुळाचा खडा तिने मुद्दाम तोंडात टाकला आणि ओठ मिटून घेतले.

"असं नाही चालायचं! त्या दिवशी भर मांडवात घेतलंत, तेही दोनदा. आधी हळूच, मग मोठ्यांदा..."

"चन्नवीर."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. "बघा! उखाणा नाही, काही नाही. धीट झाल्या हो आमच्या शांतम्मा!" "आवाज तरी किती गोड!"

शांतम्माच्या तोंडात खडा तसाच होता.

खिडकीबाहेर चन्नवीरने पाना खाली ठेवला. "आलो," म्हणाला. हात पुसत तो वळला, आणि घराकडे नाही, पलीकडे, मुरमाच्या बाजूने चालू लागला. चेहऱ्यावर तेच हसू.

शांतम्मा उठली. वाटी कलंडली, तीळ सांडले. खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून, लाज नाही, भीड नाही, पोटातून, अख्ख्या माळाला ऐकू जाईल असं तिने नाव घेतलं. ते नाव आपलंच होतं की. नऊ वर्षांचं.

तो थांबला. मध्येच, शेड आणि मुरूम यांच्या बरोबर मधोमध. त्याने या बाजूला पाहिलं. मग त्या बाजूला. पुन्हा या बाजूला. दोन्हीकडून त्याला एकच आवाज येत होता.

शांतम्माने आणखी एकदा हाक मारायला छातीभर श्वास घेतला.

पलीकडेही कुणीतरी तेवढाच घेतला.